विजेचा बाग-ट्रॅक्टर मागें घेतांना होणारें नुकसान व तें टाळण्याची रीत

बैलास मागें सरणें आवडत नाहीं. अरुंद वाटेंत ज्यानें कधीं भरली गाडी उलटी फिरविण्याचा प्रयत्न केला असेल त्यास हें निराळें सांगावयास नको. बैल मागें रेटूं लागले कीं जूं शिंगांकडे सरकतें, एक बैल डावीकडे व दुसरा उजवीकडे ओढतो, आणि शेवटीं बैल सोडून चार माणसांनीं गाडी हातानें मागें ढकलणें हाच मार्ग उरतो. या अडचणींत एक सोय होती, ती आमच्या ध्यानांत फार उशिरां आली. मागें जाण्यापूर्वीं थांबणें भाग पडत असे. डिझेलच्या ट्रॅक्टरानेंहि ही सोय बहुतांशीं राखली. क्लच दाबा, चाकें थांबूं द्या, मग गिअर बदला. घाई केल्यास गिअरचे दांत करकरून तक्रार करतात, व ती तक्रार बांधावरच्या माणसासहि ऐकूं येते. विजेच्या साध्या बाग-ट्रॅक्टरांत यांपैकीं कांहींच नाहीं. एक लहानसा खटका पुढून मागें केला कीं यंत्र हुकूम मानतें. तें धांवत आहे कीं उभें आहे, मागें माणूस आहे कीं मोकळी जमीन आहे, याची चौकशी तें करीत नाहीं. आम्हांस लिहावयाचें आहे तें या खटक्याविषयीं.

विजेचा बाग-ट्रॅक्टर ही कल्पना वाटते तितकी नवी नाहीं. अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें १९६९ सालीं ‘इलेक-ट्रॅक’ नांवाचा असा ट्रॅक्टर विक्रीस आणला होता. सहा-सहा व्होल्टच्या सहा बॅटऱ्या, म्हणजे एकूण ३६ व्होल्ट, यांवर तो चाले. गवत कापी, बर्फ लोटी. कंपनीनें थोड्याच वर्षांत तो धंदा सोडला, तरी त्यांतील कांहीं यंत्रें हौशी लोकांनीं अजून चालतीं ठेविलीं आहेत. आपल्याकडे सोनालिका कंपनीनें डिसेंबर २०२० मध्यें ‘टायगर इलेक्ट्रिक’ हा ट्रॅक्टर जाहीर केला, व दुर्गापूर येथील केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें २०२३ सालीं लहान शेतकऱ्यांस नजरेसमोर ठेवून ‘प्राइमा ईटी-११’ हा ट्रॅक्टर पुढें मांडला. याशिवाय लहान कारखान्यांतून जुळविलेलीं, मोटार, बॅटरी व खटका एवढ्यावरच चालणारीं यंत्रेंहि असतात. मोठ्या कंपन्यांच्या ट्रॅक्टरांत इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर असतो. त्याविषयीं पुढें लिहूं. आमचा अनुभव या दुसऱ्या, साध्या जातीच्या यंत्राचा आहे.

आमची सव्वा एकर बागाइत मांजरी बुद्रुकच्या शिवारांत आहे. हें गांव २०२१ सालीं पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत गेलें, तेव्हां आम्ही कागदोपत्रीं शहरांतले शेतकरी झालों. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र व वसंतदादा साखर संस्था आमच्याच गांवीं असल्यानें सुधारलेल्या शेतीचें दर्शन आम्हांस रस्त्यानें जातां-येतां घडत असतें. महसूल खात्यांतून निवृत्त झाल्यावर हातीं आलेल्या रकमेंतून आम्हीं एक बसून चालविण्याचा विजेचा लहान ट्रॅक्टर घेतला. बारा-बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या, कार्बन ब्रश असलेली मोटार, मागें पांच फणांची अवजार-चौकट, व बैठकीच्या उजव्या बाजूस तो पुढें-मागें जाण्याचा खटका. विकणारानें खटका दाखवून सांगितलें, “काका, स्कूटरपेक्षां सोपें.” आम्हींहि अधिक विचारलें नाहीं. ज्यानें तीस वर्षें लोकांच्या अर्जांतील त्रुटी काढल्या त्यानें स्वतःच्या खरेदींत एकहि त्रुटि काढूं नये, हें लिहितांना संकोच वाटतो.

गेल्या मार्गशीर्षांतील गोष्ट. विहिरीच्या बाजूस आमच्या जमिनीस थोडा उतार आहे. आमचा पुतण्या वाफ्याच्या कडेनें ट्रॅक्टर मागें घेत होता. फण वर उचललेले होते, ही त्यांतल्या त्यांत बरी गोष्ट. आमचें कुटुंब खालच्या वाफ्यांत पाठमोरें वांकून कोथिंबीर उपटीत होतें. डिझेलचें यंत्र असतें तर आवाजानें ती केव्हांच बाजूस झाली असती. या यंत्राचा आवाज रहाटाच्या कुरकुरीइतकाहि नाहीं. पुतण्यानें वळून पाहिलें तेव्हां अंतर दोन हातांचें उरलें होतें. तो “काकू, सरा!” असें ओरडला, आणि ब्रेकवर पाय देण्याऐवजीं हाताशीं असलेला खटका त्यानें एकदम पुढें ढकलला. एक हिसका बसला, फटकन् आवाज झाला, जळका वास आला व यंत्र निर्जीव झालें. परंतु निर्जीव झालेलें यंत्र उतारावर थांबत नसतें. तें तसेंच मागें घरंगळलें, आणि डावें चाक हद्दीच्या दगडावर आदळून अडलें. फणाचें टोंक व तिची पाठ यांमध्यें वीतभर जागा होती. तिनें मागें वळून पाहिलें, हातांतील जुडी तशीच खालीं ठेवली व कांहीं न बोलतां घराकडे निघून गेली. त्या दिवशीं आमच्या घरीं कोणी फारसें बोललें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मोटार-वायंडिंगचें काम करणारा एक कारागीर बोलावला. त्यानें झांकण काढून आम्हांस दाखविलें. पुढें व मागें अशा दोन दिशांसाठीं दोन कॉन्टॅक्टर होते. त्यांतील मागच्या दिशेच्या कॉन्टॅक्टरचे दोन्ही तुकडे वितळून एकमेकांस असे चिकटले होते कीं सुरीचें पातेंहि मध्यें शिरेना. त्याच क्षणीं पुढचा कॉन्टॅक्टर जोडला गेला, म्हणून बॅटरीची दोन्ही टोंकें परस्परांस भिडल्यासारखीं झालीं व मुख्य फ्यूज वितळला. गिअरपेटींत दंडाची चावी एका बाजूनें कातरल्यासारखी झाली होती. एकूण साडेनऊ हजार रुपये लागले. कारागिराचा पहिला प्रश्न हाच होता, “चालत्या गाडींत खटका फिरवलात काय?” आणि मग पाटीवर खडूनें त्यानें जो हिशेब मांडून दाखविला तो आम्हांस इतका पटला कीं तो येथें देतों.

विजेची मोटार फिरूं लागली म्हणजे ती केवळ वीज खात नाहीं. फिरतां फिरतां ती स्वतःहि थोडी वीज उत्पन्न करते, आणि ती बॅटरीच्या उलट दिशेनें रेटते. पाटाच्या पाण्यास पुढून पाण्याचा दाब आला कीं प्रवाह मंदावतो, तसेंच हें. उदाहरणादाखल बॅटरी ४८ व्होल्टची, चालत्या मोटारीचा उलट दाब ४२ व्होल्टचा, व तारांचा आणि मोटारीचा मिळून विरोध एक ओहमच्या दहाव्या हिश्श्याइतका धरूं. मग खरा रेटा उरला ६ व्होल्टचा, व प्रवाह झाला ६० अँपिअर. मोटार उभी असेल तर उलट दाब शून्य. प्रारंभीं एक क्षण ४८० अँपिअर वाहूं शकतात. आतां मोटार जोरांत फिरत असतांनाच खटका उलटा केला तर काय होतें? जो दाब बॅटरीस विरोध करीत होता तोच तिच्या बाजूनें उभा राहतो. ४८ आणि ४२ मिळून ९० व्होल्ट, म्हणजे ९०० अँपिअर. नेहमींच्या पंधरापट प्रवाह! प्रत्यक्षांत बॅटरी व तारा इतकें देऊं शकत नाहींत, हें खरें. परंतु त्याच्या निम्मा प्रवाहहि कॉन्टॅक्टरच्या बोटाएवढ्या तुकड्यांतून गेला तर ते वितळावयास पुरेसा आहे. शिवाय कार्बन ब्रशांखालीं ठिणग्या उडून मोटारीचा तांब्याचा फिरता भाग खरवडतो, आणि गिअरचे दांत, जे आतांपर्यंत एका बाजूनें रेटले जात होते, ते क्षणांत दुसऱ्या बाजूनें घणासारखे आदळतात. एकदां असें केल्यानें यंत्र बंद पडेलच असें नाहीं. बहुधा पडत नाहीं, आणि म्हणूनच संवय लागते.

तेव्हां रीत ही कीं, पाय वेगाच्या पट्टीवरून काढावा, ब्रेकनें यंत्र पूर्ण उभें करावें, चाक थांबलें हें डोळ्यांनीं पाहावें, मग खटका मध्यें आणून मनांत तीन अंक मोजावे, आणि त्यानंतरच तो मागें न्यावा. खटका फिरवून झाल्यावर वेग द्यावा; वेगाच्या पट्टीवर पाय ठेवून खटका फिरवूं नये. आमच्या पुतण्यास ही रीत अंगवळणीं पडण्यास पंधरा दिवस लागले. त्याहून कठीण गोष्ट अशी कीं, संकटाच्या क्षणीं हात खटक्याकडे न जातां पाय ब्रेककडे जावा, व ब्रेकनें न भागल्यास हात मुख्य वीज तोडणाऱ्या दांड्याकडे जावा. हें केवळ सांगून होत नाहीं. मोकळ्या रानांत, मागें पोतीं रचून, “थांब!” म्हणून अचानक ओरडून आम्हीं त्याच्याकडून हें पुनः पुनः करवून घेतलें. शेजाऱ्यांस त्याची गंमत वाटली. वाटो.

मुख्य वीज तोडणारा दांडा पुष्कळ लहान यंत्रांत बैठकीखालीं किंवा बॅटरीच्या पेटींत असतो. तो तेथें कांहीं कामाचा नाहीं. आम्हीं तो बैठकीच्या डाव्या अंगास, हात लांब न करतां सांपडेल अशा जागीं बसवून घेतला. कारण कॉन्टॅक्टर एकदां चिकटला कीं खटका मध्यें आणूनहि ती दिशा तुटत नाहीं, व कांहीं यंत्रांत मोटार चालूच राहूं शकते. मग तिला थांबविणारें तेवढें एकच साधन उरतें. हात-ब्रेक बॅटरीवर अवलंबून नसून तारेनें किंवा दांडीनें चालणारा आहे ना, हेंहि उतारावर यंत्र उभें करून, वीज तोडून पाहावें. डिझेलचें इंजिन गिअरमध्यें ठेवलें तर चाकांस अडवून धरतें. विजेची मोटार वीज गेल्यावर तसें धरीत नाहीं, हें आम्हीं हद्दीच्या दगडाकडून शिकलों.

संध्याकाळीं बॅटरी उतरल्यावर मागें-पुढें करण्याचें काम शक्य तों टाळावें. कॉन्टॅक्टरला ओढून धरणारें लोहचुंबक त्याच बॅटरीवर चालतें. तिचा दाब घसरला कीं तें नीट धरूं शकत नाहीं, कॉन्टॅक्टर थरथरतो, व प्रत्येक थरथरीबरोबर ठिणगी पडते. खटक्याजवळ टरटर आवाज येऊं लागला तर काम थांबवून यंत्र घरीं न्यावें. आणखी एक गोष्ट. काळे पडलेले कॉन्टॅक्ट पाहिले कीं कानशीनें किंवा पॉलिश-कागदानें घासण्याचा मोह होतो. त्यांवर बहुधा चांदीच्या मिश्रणाचा थर असतो. चांदीवरचा काळेपणा वीज अडवीत नाहीं, पण घासल्यानें थर मात्र जातो. खड्डे पडले असतील तर तुकडे बदलावे. आणि झांकण उघडण्यापूर्वीं बॅटरीची तार सोडावी व हातांतील कडें, अंगठी काढून ठेवावी. बॅटरीच्या दोन टोंकांवर पाना आडवा पडला तर तो क्षणांत लाल होतो.

आतां इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर असलेल्या यंत्रांविषयीं. चांगला कंट्रोलर प्रवाहास मर्यादा घालतो. धांवतांना दिशा बदलली तरी तो आधीं मोटारीलाच जनित्र करून वेग कमी करतो, ती वीज बॅटरींत परत घालतो, व चाक थांबल्यावरच उलट फिरवितो. कांहीं तर थांबेपर्यंत हुकूमच घेत नाहींत. म्हणून या यंत्रांस धोका नाहीं असें विकणारे म्हणतात. तें अर्धें खरें आहे. बॅटरी कांठोकांठ भरलेली असतां उतारावर परत येणारी वीज घ्यावयास तिच्यांत जागा नसते. अशा वेळीं कांहीं यंत्रांत तो विजेचा ब्रेक सौम्य होतो किंवा सुटतो. सकाळीं नुकत्याच भरलेल्या बॅटरीवर उतरणीस लागतांना पायाच्या ब्रेकचाच भरंवसा धरावा. दुसरें, गिअरच्या दांत्यांमधील फट कांहीं इलेक्ट्रॉनिक नसते. वारंवार दिशा बदलल्यास ती वाढतेच. तिसरें, बंद पडलेलें यंत्र दुसऱ्या ट्रॅक्टरानें ओढून नेतांना चाकें मोटारीस फिरवीत असतील तर ती मोटार वीज उत्पन्न करून कंट्रोलर बिघडवूं शकते. ओढण्यापूर्वीं मोटार चाकांपासून सुटी करतां येते काय, हें पुस्तिकेंत पाहावें. येत नसल्यास चाकें उचलून न्यावें. खरेदीच्या वेळीं विकणाऱ्यास एवढेंच सांगावें, “चालवितांना खटका उलटा करून दाखवा.” तो कचरला तर उत्तर मिळालें असें समजावें.

मागें जातांना नुकसान होतें तें विजेच्याच भागांचें होतें असें नाहीं. फण, नांगर व सरी-यंत्र हीं ओढण्यासाठीं घडलेलीं असतात, रेटण्यासाठीं नव्हे. फण जमिनींत असतां यंत्र मागें घेतलें कीं फणाचें टोंक रुततें, सगळा भार जोडणीच्या खालच्या दोन दांड्यांवर उलटा येतो व त्या वांकतात. डिझेलचा ट्रॅक्टर अशा वेळीं घरघरून किंवा बंद पडून सूचना देतो. विजेची मोटार अगदीं शून्य वेगापासून पूर्ण जोर लावते व मुकाट्यानें दांडी वांकवून मोकळी होते. म्हणून आधीं अवजार उचलावें, वळून तें खरोखर उचललें आहे हें पाहावें, व मग खटका. रोटाव्हेटर किंवा गवत कापण्याचें पातें असेल तर तें बंद होऊन फिरायचें थांबल्याशिवाय मागें जाऊंच नये. अमेरिकेंत बसून चालविण्याच्या पुष्कळ गवतकापणी यंत्रांत मागें जातांना पातें आपोआप बंद होण्याची योजना असते. मागें खेळणारीं मुलें पात्याखालीं सांपडल्यामुळें तें शहाणपण आलें. द्राक्षबागेंत दोन ओळींमध्यें नऊ-दहा फूट अंतर असलें तरी ओळीच्या टोंकाशीं वळावयास जागा ठेवलेली नसते, आणि तेथेंच ठिबकच्या नळ्या, तारांचे खांब व वेलीचीं खोडें मागच्या चाकाच्या तावडींत सांपडतात. टोंकाची एक वेल कमी लावून यंत्र सरळ वळेल इतकी जागा सोडली तर मागें घेण्याचीच पाळी कमी येते. आमच्यासारख्या तुकड्यांच्या मालकांस ती जागा सोडणें जिवावर येतें, हें आम्ही जाणतों.

चिखलांत रुतलेलें यंत्र पुढें-मागें हिसके देऊन काढण्याची रीत तर सर्वांत वाईट. काळ्या जमिनींत पावसाळ्यांत डिझेलवाले हेंच करतात व त्यांचें निभतें. विजेच्या मोटारीस प्रत्येक हिसका हा उभ्या स्थितींतला किंवा उलट फिरतांनाचा प्रवाह असतो, आणि चाक फिरत नसेल तर सारी उष्णता एकाच जागीं सांठते. दहा हिसक्यांत मोटार जळूं शकते. अवजार सोडावें, चाकांपुढें उंसाचें पाचट किंवा रिकामीं पोतीं घालावीं, आणि न जमल्यास शेजाऱ्याचे बैल मागावे. बैल कोणाकडे आहेत तें आधींच ठाऊक असावें. आमच्या शिवारांत आतां दोनच जोड्या उरल्या आहेत.

हद्दीच्या दगडाविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. यंत्र मागें घेतांना बांध ढासळणें व दगड कलंडणें हें नेहमींचें झालें आहे, व पुष्कळ जण कलंडलेला दगड पायानें नीट करून पुढें जातात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ अन्वयें आपल्या जमिनीच्या हद्दीच्या खुणा सुस्थितींत ठेवण्याची जबाबदारी जमीनधारकावर आहे, आणि खुणेस बुद्ध्या इजा करणें हा दंडास पात्र अपराध आहे. पायानें नीट केलेला दगड हातभर सरकतो. हातभराचा वाद दोन पिढ्या चालतो. असे वाद आम्हीं नोकरींत इतके पाहिले आहेत कीं त्या दिवशीं आमचा दगड कलंडलेला दिसतांच, माणूस वांचलें याच्या आनंदांतहि, आम्हीं शेजारच्या खातेदारास हांक मारून तो आहे त्या स्थितींत दाखविला. पुढें मोजणीचा अर्ज दिला, भूमि अभिलेख खात्याचा मोजणीदार आला, व त्यानें दाखविलेल्या जागीं दोघांच्या समक्ष दगड पुन्हां रोवला. खरें म्हणजे त्या दगडास हार घालावा असें आमच्या मनांत आलें होतें, पण शेजारी काय समजेल या शंकेनें घातला नाहीं.

आमचें कुटुंब महिनाभर वाफ्यांत यंत्र चालू असतां आलें नाहीं. मग एके दिवशीं माळ्यावरची, पूर्वींच्या बैलाची घुंगुरमाळ काढून तिनें ती आपल्या हातानें ट्रॅक्टरच्या मागच्या चौकटीस बांधली, व तेव्हांपासून ती पुन्हां येऊं लागली. ढेंकळांत माळ चांगली वाजते. डांबरी रस्त्यावर वाजत नाहीं, म्हणून पुतण्यानें मागच्या दिशेच्या खटक्यास जोडून एक लहान भोंगाहि बसविला आहे. भोंग्यास एकशें ऐंशी रुपये पडले.